मुलाला नीट दिसत नाही, हे मूल सांगत नाही

‘तुला फळा दिसतो का?’ असं विचारलं की पहिली-दुसरीतलं जवळजवळ प्रत्येक मूल ‘हो’ म्हणतं. ते खोटं बोलत नसतं. त्याला पहिल्यापासून जसं दिसत आलंय, तसंच सगळ्यांना दिसत असणार असं ते धरून चालतं. फळ्यावर पांढरट रेघोट्या दिसल्या, म्हणजे त्याच्या लेखी फळा दिसला. मोठ्या माणसाची नजर चाळिशीत उतरली की त्याला फरक जाणवतो, पेपर लांब धरावा लागला की तो कुरकुरतो. मुलाला ताडून बघायला काहीच नसतं. म्हणून मुलाच्या तक्रारीची वाट पाहत बसलं तर ती बहुतेक वेळा येतच नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. त्यामुळे एखादं मूल वाचनात मागे पडलं की कारण तयारच असतं: घरची भाषा वेगळी आहे, येईल हळूहळू. नाहीतर, आई दिवसभर विड्या वळते, वडील यंत्रमागावर, अभ्यास घेणार कोण? ही कारणं खोटी नाहीत. पण ती इतकी हाताशी असतात की डोळे तपासायचं कुणाला सुचत नाही, आणि बघता बघता दोन-तीन वर्षं जातात. डोळ्यांच्या बाबतीत नेमकी तीच वर्षं मोलाची असतात.

फळा कुठून पुसट होतो

सगळ्यात जास्त आढळणारा दोष म्हणजे मायनस नंबर. जन्मतः डोळ्याचा गोळा समोरून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो आणि वाढत वाढत मोठेपणी २४ मिलिमीटरच्या आसपास स्थिरावतो. काही मुलांत ही वाढ थांबायला हवी तिथे थांबत नाही. गोळा जास्त लांब झाला की प्रकाश मागच्या पडद्यावर नीट एकवटण्याऐवजी त्याच्या अलीकडेच एकवटतो आणि लांबचं पुसट दिसतं. गोळा एक मिलिमीटर जास्त लांब झाला तरी अडीच ते तीनचा नंबर येतो.

नंबर म्हणजे नेमकं काय, याचा हिशोब सोपा आहे, आणि तो प्रत्येक पालकाला माहीत असावा असं मला वाटतं. एकला नंबराने भागायचं. मायनस १ असेल तर चष्म्याशिवाय एक मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, त्यापुढचं पुसट होत जातं. मायनस २ असेल तर अर्ध्या मीटरपर्यंत. मायनस ४ असेल तर २५ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे एका वितीपेक्षा थोडं जास्त. आता तिसऱ्या बाकावर बसलेल्या, मायनस ४ नंबर असलेल्या मुलाला फळा कसा दिसत असेल याचा अंदाज करा. आणि हेच मूल आईला सुईत दोरा ओवून देतं, मोबाईलवरचं बारीकसारीक वाचतं. मग घरचे म्हणतात, ‘बाई, सगळं दिसतंय की त्याला, फळ्यावरचंच बरं दिसत नाही!’ त्यांचं निरीक्षण बरोबर असतं, अर्थ तेवढा चुकतो. जवळचं उत्तम आणि लांबचं पुसट, हीच तर मायनस नंबरची खूण.

आपल्या लिपीत अशा मुलाचे हाल जास्त होतात. देवनागरीत बारीक खुणांवर अर्थ फिरतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यात फरक एका गाठीचा किंवा एका आडव्या-तिरप्या रेघेचा. अनुस्वार म्हणजे खडूचा एक ठिपका. एक मात्रा की दोन, हे शेवटच्या बाकावरून पुसट नजरेने सांगता येत नाही. चौथीतला एक मुलगा फळ्यावरून उतरवताना ‘भात’चा ‘मात’ करायचा, ‘घर’चं ‘धर’ करायचा, अनुस्वार तर त्याच्या वहीत जवळजवळ नसायचेच. तोच मुलगा श्रुतलेखनात बरोबर लिहायचा. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा कोडं सुटलं: कानाने घेतलेलं बरोबर, डोळ्यांनी घेतलेलं चूक. माझ्या मते शिक्षकाच्या हातात याहून सोपी चाचणी नाही. फळ्यावरून उतरवलेलं आणि ऐकून लिहिलेलं यांत ठळक फरक असेल, तर शुद्धलेखनाच्या जादा ओळी देण्याआधी डोळे तपासायला पाठवावं.

आणखी एक गोष्ट वर्गात दिसते. अशी मुलं फळ्याकडे बघणं हळूहळू सोडून देतात आणि शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतात. मग त्यांच्यावर ‘नक्कल करतो’ असा शिक्का बसतो. शेजारी गैरहजर असला की ती गप्प बसून राहतात, नाहीतर खोड्या काढतात. डोळे बारीक करून बघणं, फळ्यापाशी येऊन उभं राहणं, टीव्हीला नाक लावून बसणं ही लक्षणं लोकांना माहीत आहेत. हे उतरवून घेण्याचं मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

६/६ आलं म्हणजे झालं का?

डोळे तपासण्याचा अक्षरांचा तक्ता डच नेत्रवैद्य हर्मन स्नेलन यांनी १८६२ साली तयार केला. चांगल्या नजरेला जी ओळ सहा मीटरवरून वाचता यावी, ती तुम्हालाही सहा मीटरवरून वाचता आली की ६/६. एखाद्याची नजर ६/६० म्हणजे, इतरांना साठ मीटरवरून दिसतं ते त्याला सहा मीटरवर यावं तेव्हा दिसतं. तक्ता उत्तम आहे. पण तो एकच प्रश्न विचारतो: लांबचं, क्षणभर, स्पष्ट दिसतं का? शाळेतलं निम्मं काम जवळचं असतं आणि ते तासन्‌तास चालतं. त्याबद्दल तक्ता काही सांगत नाही.

इथे प्लस नंबरची मुलं निसटतात. त्यांचा गोळा थोडा आखूड असतो, प्रकाश पडद्याच्या मागे एकवटू पाहतो. पण मुलाचं नेत्रभिंग लवचीक असतं. ते जोर लावून फुगतं आणि चित्र पडद्यावर ओढून आणतं. म्हणून तक्ता झटकन वाचला जातो. आता जवळचं बघा. ३३ सेंटिमीटरवरचं पुस्तक वाचताना कुणाच्याही डोळ्याला तीन नंबराइतका जोर लावावा लागतो. मुलाला मुळात प्लस ३ असेल तर त्याला सहाचा लावावा लागतो, आणि वाचन चालेल तोवर लावून धरावा लागतो. भरलेली कळशी मिनिटभर हातात धरायला काही वाटत नाही, तासभर धरून उभं राहा म्हटलं तर हात भरून येतो. तसंच हे. मूल पहिला परिच्छेद छान वाचतं, दुसऱ्यात अडखळतं, तिसऱ्यात डोळे चोळतं आणि पाणी प्यायला जाऊ का विचारतं. संध्याकाळी कपाळ दुखतं. आपण म्हणतो, ‘याचं लक्षच लागत नाही, एका जागी बसतच नाही.’ चंचलपणाचा आजार खरोखर असतो, तो नाकारण्याचा प्रश्न नाही. पण तो शिक्का मारण्याआधी डोळ्यात औषध घालून तपासणी झालेली असावी, एवढं तरी मुलाला मिळायला हवं.

औषध घालूनच का? कारण मूल हा जोर नकळत लावत असतं. चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर हनुवटी टेकवली तरी तो जोर सुटत नाही आणि यंत्र खोटा नंबर दाखवतं. प्लस झाकला जातो, कधी तर नसलेला मायनस येतो. थेंबांनी किंवा मलमाने नेत्रभिंगाचे स्नायू सैल केले की खरा नंबर हाती येतो. त्या दिवशी मुलाला जवळचं पुसट दिसतं, उजेड डोळ्यांत खुपतो. औषध कोणतं यावर हे दिवसभर टिकतं की आठवडाभर ते ठरतं. दुपारच्या उन्हात परत न्यायचं असेल तर टोपी बरोबर ठेवा. पण ‘नको ते औषध, नुसता नंबर काढून द्या’ असा आग्रह धरू नका.

तक्त्याची दुसरी फट साधी आहे. शाळेत रांग लावून तपासणी चालू असते, पुढची मुलं मोठ्याने वाचतात, मागची ऐकतात. आपला नंबर येईपर्यंत ओळ पाठ झालेली असते. आणि एक डोळा झाकायला सांगितला की बोटांच्या फटीतून दुसरा बघत असतो. हात नको, जाड पुठ्ठा हवा, आणि पुठ्ठा धरणारा मोठा माणूस हवा.

एकाच डोळ्याचा दोष, आणि वयाचं गणित

या पुठ्ठ्यावर एवढं अडून बसण्याचं कारण आहे. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं तर पुढचं ठेवा.

काही मुलांचा एक डोळा उत्तम असतो आणि दुसऱ्याला मोठा नंबर असतो. दोन्ही उघडे असताना चांगला डोळा सगळं निभावून नेतो. मूल वाचतं, धावतं, सायकल चालवतं. ना डोळे बारीक करणं, ना फळ्याजवळ जाणं. कुणालाही पत्ता लागत नाही, मुलालाही नाही. पण मेंदूला दोन चित्रं मिळत असतात, एक स्वच्छ, एक पुसट. मेंदू पुसट चित्राकडे दुर्लक्ष करायला शिकतो. वर्षानुवर्षं असं झालं की त्या डोळ्याकडून येणारा संदेश वाचणारा मेंदूचा भागच नीट घडत नाही. मग पुढे नंबराचा अचूक चष्मा लावला तरी त्या डोळ्याने स्पष्ट दिसत नाही, कारण दोष आता एकट्या डोळ्यात राहिलेला नसतो. याला आळशी डोळा म्हणतात. शंभरात साधारण दोन-तीन मुलांना तो असतो.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून हे उलगडलं. पिल्लाचा एक डोळा सुरुवातीच्या काळात बंद ठेवला, तर नंतर तो उघडूनही मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला फारसा प्रतिसाद देत नाहीत. मोठ्या मांजरीचा डोळा तेवढाच काळ बंद ठेवला तर असं काही होत नाही. मेंदू घडण्याची एक ठरावीक वेळ असते, हे त्यातून स्पष्ट झालं. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं.

माणसाच्या मुलात ही वेळ साधारण सात-आठ वर्षांपर्यंत. त्यानंतर दार एकदम बंद होत नाही, मोठ्या मुलांतही उपचाराने काही सुधारणा होते, म्हणून ‘आता उशीर झाला’ म्हणून घरी बसू नये. पण चौथ्या-पाचव्या वर्षी जे सहज साधतं, ते बाराव्या वर्षी कष्टाने आणि अर्धवट साधतं.

उपचार साधा आहे. आधी योग्य चष्मा. काही मुलांची नजर तेवढ्यानेच सुधारते. नाही सुधारली तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास चिकटपट्टी लावायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागतं. दोष मध्यम असेल तर बऱ्याचदा दोन तास पुरतात. ते तास डॉक्टरांनी ठरवायचे, कारण पट्टी गरजेपेक्षा जास्त लावली तर चांगला डोळाही मागे पडू शकतो. खरी अडचण पट्टीची नसते, वर्गातल्या चिडवण्याची असते. ‘काणा, काणा’ म्हणून पोरं मागे लागली की पट्टी दप्तरात जाते. जमलं तर ते दोन तास घरीच, चित्र रंगवताना किंवा मणी ओवताना काढावेत. शाळेत लावायची असेल तर शिक्षकांनी आधीच वर्गाला सांगून ठेवावं.

तिरळेपणाही याच वाटेने नजर घालवतो. वाकडा गेलेला डोळा वेगळंच चित्र पाठवतो आणि मेंदू ते बाजूला टाकतो. काही घरांत तिरळं मूल भाग्याचं मानतात, काही ठिकाणी ‘मोठेपणी जाईल आपोआप’ म्हणतात. पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे फिरतात, ते चालतं. त्यानंतरही डोळा वाकडा दिसत असेल तर थांबू नये. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा डोळा नाकाकडे वळत असेल, तर पुष्कळदा त्यामागे मोठा प्लस नंबर असतो आणि नुसत्या चष्म्याने डोळा सरळ होतो.

फोटोत एका बाहुलीत लाल झाक आणि दुसरीत सतत पांढरी चमक दिसली तर मात्र आठवडाभरही थांबू नका. ते जन्मजात मोतीबिंदूचं लक्षण असू शकतं, किंवा रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाचं. तिथे प्रश्न जिवाचा असतो.

ओळी हलतात, पाणी सांडतं

दोन्ही डोळे वेगवेगळे उत्तम असूनही वाचताना त्रास होऊ शकतो. जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे थोडे वळून एकाच शब्दावर टेकावे लागतात. काही मुलांना हे वळणं टिकवता येत नाही. मग अक्षरं दुहेरी होतात, सरकतात, ओळ सुटते. मूल एक डोळा झाकून वाचतं किंवा वहीवर डोकं टेकून लिहितं. हे तक्त्यावर दिसत नाही, वेगळं तपासावं लागतं. याला डोळ्यांचे व्यायाम उपयोगी पडतात, हे अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. पण २०१९ मध्ये त्याच धर्तीच्या पुढच्या चाचणीत असंही दिसलं की डोळे जुळले तरी वाचून समजण्यात, नुसता दिखाऊ उपचार घेतलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारणा झाली नाही. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र लक्षात ठेवायला हवेत.

कारण डोळ्यांच्या व्यायामाने मुलाचं वाचन सुधारेल, डिस्लेक्सिया जाईल, असं सांगून पालकांकडून बक्कळ पैसे घेतले जातात. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही. मेंदू अक्षर आणि आवाज यांची सांगड कशी घालतो, त्यातली ती अडचण आहे. डोळे तपासून दोष असेल तर दुरुस्त करायचा, आणि तरीही वाचन अडत असेल तर शिकवण्याची पद्धत बदलायची. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

दोन डोळे जुळून काम करत नसतील तर खोलीचा अंदाज येत नाही. कळशीतलं पाणी पेल्याबाहेर पडतं, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय चुकतो, झेल सुटतात. अशा मुलाला ‘वेंधळा’ म्हणून खेळातून काढतात, आणि ते मग मैदानावर जायचंच टाळतं. सायकलवर जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत मला याची जास्त धास्ती वाटते. शहरातून जड वाहनं जातात, आणि समोरचा ट्रक किती लांब आहे हे ओळखायला दोन्ही डोळे लागतात.

डोळे ठीक, अडचण मेंदूत

हा प्रकार सगळ्यात कमी ओळखला जातो. दिवस भरण्याआधी जन्मलेली, जन्मतः उशिरा रडलेली, काचेच्या पेटीत ठेवावी लागलेली काही मुलं अशी असतात की त्यांचे डोळे तपासले तर विशेष काही सापडत नाही. पण दिसलेल्याचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग जन्माच्या वेळच्या ताणाने दुखावलेला असतो.

अशा मुलाला रिकाम्या फरशीवर ठेवलेला चेंडू दिसतो, खेळण्यांनी भरलेल्या टोपलीतला तोच चेंडू सापडत नाही. घरात बिनधास्त वावरणारं मूल गड्ड्याच्या जत्रेत आईचं बोट सोडत नाही, कारण एवढ्या माणसांत, दिव्यांत, रंगांत त्याला आईचा चेहरा वेगळा काढता येत नाही. एक शब्द दाखवला तर वाचतं, पानभर मजकूर समोर ठेवला तर गडबडतं. सकाळी जमतं, दुपारी जमत नाही. त्यामुळे ‘मनात आलं की करतो’ असा समज होतो, आणि मुलाच्या वाट्याला ओरडा येतो.

इथे चष्म्याने भागत नाही, गर्दी कमी करावी लागते. जाड कागदाला एका ओळीएवढी खिडकी कापायची आणि ती पानावरून सरकवत वाचायचं. गणिताच्या पानावर एका वेळी एकच उदाहरण. टेबलावर पसारा नको. भिंतीवर तक्त्यांची दाटी असेल तर त्या मुलाला मोकळ्या भिंतीकडे तोंड करून बसवायचं. आमच्या वर्गात भिंती भरून तक्ते लावण्याची जणू चढाओढ असते, आणि त्याचा त्रास होणारी मुलंही तिथेच बसलेली असतात.

रंग, रात्र आणि सोलापूरचं ऊन

लाल-हिरव्यातला फरक न कळणं हा दोष मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त असतो, कारण तो एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलग्याकडे ते एकच असतं. यावर औषध नाही, पण माहीत असणं गरजेचं आहे. सोलापूर हे मध्य रेल्वेचं विभागीय मुख्यालय. इथल्या कितीतरी पोरांचं स्वप्न रेल्वेतली नोकरी असते. लोको पायलटला रंग अचूक ओळखता यावे लागतात. वर्षानुवर्षं तयारी करून, लेखी परीक्षा पास होऊन वैद्यकीय तपासणीत बाद होण्यापेक्षा, शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली तयार केलेली रंगीत ठिपक्यांची पुस्तिका दहाव्या वर्षीच समोर धरलेली काय वाईट?

संध्याकाळ झाली की मूल अडखळत असेल तर दोन गोष्टींचा विचार करावा. एक, अ जीवनसत्त्व कमी पडलेलं असणं. त्यासाठी नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत एकूण ९ डोस सरकारी लसीकरणात मोफत मिळतात, पण पहिले दोन झाले की पुढचे विसरले जातात. दुसरी, पडद्याचा आनुवंशिक आजार, ज्यात आधी रात्रीचं आणि मग बाजूचं दिसणं कमी होत जातं. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची चाल अजून आहे. नात्यातल्या लग्नांत असे आजार उतरण्याचा धोका वाढतो. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. नात्यातलं लग्न असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा, निदानाला मदत होते.

आता उन्हाळ्याबद्दल. मार्च लागला की आमच्या वर्गात डोळे चोळणारी मुलं वाढतात, आणि त्यात मुलगेच जास्त. कोरड्या, तापलेल्या, धुळीच्या हवेत होणारी ही डोळ्यांची ॲलर्जी. डोळे लाल, चिकट तार येणारं पाणी, प्रचंड खाज. बहुतेकांची वयात आल्यावर कमी होते, पण तोवर दोन धोके असतात. सतत जोराने चोळण्याने डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो, आणि मग नंबर वेडावाकडा वाढतो. दुसरा धोका आपण स्वतः ओढवून घेतो. मागच्या वर्षीची बाटली दाखवून मेडिकलमधून तेच थेंब आणायचे, घातले की दोन दिवसांत आराम, म्हणून महिनोन्‌महिने घालत राहायचे. त्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. डॉक्टरांच्या नजरेखाली थोडे दिवस ते उपयोगी आहे. मनाने घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. खाजेसाठी गार पाण्याच्या घड्या, उन्हात टोपी, आणि थेंब डॉक्टर देतील तेवढेच.

तपासणी कुठे, आणि पुढे काय

घरी एवढं करता येतं. भिंतीवर कॅलेंडर असतंच. त्यापासून काही पावलांवर मुलाला उभं करा, एक डोळा पुठ्ठ्याने झाका, तारखा वाचून घ्या, मग दुसरा झाका. दोन्ही डोळ्यांत फरक आहे का, एवढंच बघायचं. वर्गात मी एका मुलीचा डावा डोळा झाकला तर तिने आरामात वाचलं, आणि उजवा झाकला तेव्हा मान तिरपी करून पुठ्ठ्याच्या कडेने बघू लागली. तिला स्वतःला काही वेगळं वाटलं नव्हतं. फार लहान बाळ एक डोळा झाकल्यावर खुशाल खेळतं आणि दुसरा झाकला की हात झटकतं, रडतं, तर तीही खूणच. ही घरची पाहणी म्हणजे तपासणी नव्हे. यात ठीक वाटलं तरी शाळेत घालण्याआधी, तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान, नेत्रतज्ज्ञाकडून एकदा पूर्ण तपासणी व्हावीच.

पैशांसाठी अडू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतात, दृष्टिदोषही बघतात. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि त्यांनी चिठ्ठी दिली तर ती घेऊन सिव्हिलच्या नेत्रविभागात जा. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मेही मिळतात.

चष्म्याने खरंच अभ्यासात फरक पडतो का? पश्चिम चीनमधल्या ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या मुलांना मोफत चष्मे देऊन हे तपासलं गेलं. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले: एकाच शालेय वर्षात त्या मुलांचे गणिताचे गुण इतरांपेक्षा सुधारले. त्याच अभ्यासात हेही दिसलं की चष्मा मिळूनही अनेक मुलं तो लावत नव्हती. इथेही तेच होतं. फुटेल म्हणून चष्मा डबीत, डबी कपाटात, आणि मूल शाळेत. काच नको, न फुटणारी प्लॅस्टिकची भिंगं घ्या, मागे दोरी लावा, आणि रोज लावू द्या. चष्म्याने नंबर वाढतो हा समज खोटा आहे. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिल्यानेही नंबर थांबत नाही. मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, असं आठ वर्षांच्या मुलीसमोर कुणी बोलू नये, एवढं कळकळीने सांगते.

मायनस नंबर लागणं काही अंशी लांबवता येतं, आणि त्यासाठी लागतो तो मोकळ्या हवेतला उजेड. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, इतरांत सुमारे ४० टक्क्यांना. तैवानने २०१० पासून रोज दोन तास मुलांना बाहेर काढण्याचा कार्यक्रमच घेतला. सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर सोडा असं कुणी म्हणणार नाही. पण कडुनिंबाच्या सावलीतही वर्गातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट उजेड असतो. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर मुलं बाहेर असली तरी पुरे. नंबर भराभर वाढत असेल तर रात्री घालायचे अगदी कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब मिळतात, ते नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच.

चष्मा लागला की दरवर्षी, आणि वाढत्या वयात सहा महिन्यांनी, नंबर पुन्हा बघावा लागतो. आणि एका मुलाला मोठा नंबर, तिरळेपणा किंवा आळशी डोळा निघाला, तर पाठच्या भावंडांनाही पुढच्याच खेपेला बरोबर न्या, ती कितीही लहान असली आणि कितीही नीट बघत असल्यासारखी वाटली तरी. हे दोष घराण्यात चालतात. बोलता न येणाऱ्या बाळाचाही नंबर डॉक्टर डोळ्यात उजेड टाकून मोजू शकतात, त्याला अक्षरं ओळखता यावी लागत नाहीत.